खांदा निखळल्यावर या चुका टाळा

"एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे काही झालं नाही ना?" फोंड्याला माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे हे सारखं विचारतात, आणि दर वेळी जीव कळवळतो. एक्स-रेत हाड दिसतं. खांदा जागेवर धरतात ती मऊ ऊतकं त्यात दिसत नाहीत. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ. तिच्या कडेला लॅब्रम ही चिवट कड असते, खोबणीची जवळपास निम्मी खोली तिचीच. खांदा पुढे निखळतो तेव्हा ही कड आणि तिला जोडलेले अस्थिबंध हाडापासून सुटतात. बँकार्ट या ब्रिटिश सर्जननी हे १९२३ सालीच लिहून ठेवलंय.

पेडण्याचा अठरा वर्षांचा मुलगा. व्हॉलीबॉलचा स्मॅश मारताना खांदा निखळला. मित्रांनी मैदानावरच ओढून बसवला. एक्स-रे नॉर्मल, बाराव्या दिवशी दुखणं गेलं, हाताची झोळी खुंटीला, हा पुन्हा कोर्टवर. दीड महिन्यात दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तर बनियन काढताना! मग डाय घालून एमआरआय केला. उजव्या खोबणीला घड्याळ मानलं, तर कड तीनपासून सहापर्यंत उखडलेली, आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला मागून खोच पडलेली. दुर्बिणीतून कड शिवली, सहा महिने खेळ बंद. दुखणं थांबलं म्हणजे कड चिकटली, असं नसतं रे बाबांनो. या वयात खांदा पुन्हा निखळायचा धोका सर्वांत जास्त.

मैदानावर ओढाओढ करू नका. हाड मोडलेलं असू शकतं, काखेजवळची नस दुखावते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटलं तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

तेल लावून रगडणं नको.

जिममध्ये घाईने डिप्स आणि रुंद पकडीचा बेंच प्रेस नको. मी आधी कोपर कुशीला लावून, काखेत टॉवेलची गुंडाळी धरून, रबरी पट्ट्याने हात बाहेर वळवायला लावते. पोरं कंटाळतात. तरी आठवडेच्या आठवडे हेच.

चाळिशीनंतर मात्र कडेपेक्षा स्नायुबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, तुटायची भीती जास्त. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना खांदा निखळला, बसवला, तरी हात वर जात नाही, तर 'लचक आहे' म्हणून घरी बसू नका.

तपासताना मी हात नव्वद अंशांवर नेऊन हळूहळू बाहेर वळवते, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर: खांदा आता निसटेल ही भीती दिसते का. पेडण्याचा तो मुलगा दुखतंय म्हणाला नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.