आधी अळंबीचं पाणी आटवा

अळंबीची भाजी घरी केली की पाणचट होते, नाहीतर चिवट लागते, ही तक्रार माझ्याकडे डबा लावलेली मुलं आपापल्या आयांच्या वतीने करत असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी पाणी आटवा. बाजारातल्या पांढऱ्या बटण अळंबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे २०० ग्रॅमचं पाकीट घरी आणलं तर त्यातलं १८० ग्रॅमच्या वर पाणी. ते कढईत सुटणारच. त्याचं काय करायचं हे ज्याला कळलं त्याला अळंबी जमली.

हेच पाणी लक्षात ठेवलं की अळंबीच्या गुणांबद्दल व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निम्म्या गोष्टीही गळून पडतात. 'अळंबी म्हणजे प्रथिनांचं भांडार' हे त्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. १०० ग्रॅम ताज्या अळंबीत प्रथिनं असतात ३ ग्रॅमच्या आसपास. अख्खं पाकीट दोघांनी नाही, एकट्याने संपवलं तरी ६ ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढी. मग भांडार कुठून आलं? सुकवलेल्या अळंबीतून. पाणी गेल्यावर उरलेल्या चोथ्यात प्रथिनांचा वाटा वीस-तीस टक्के भरतो, तो आकडा कोणीतरी उचलून ओल्या पाकिटाला चिकटवला. जिममध्ये जाणारी मुलं डाळ-उसळ बाजूला सारून 'काकू, मश्रूम जास्त घाला' म्हणतात, तेव्हा मी मश्रूम घालते आणि खाली मटकीही घालते.

बी-१२ चंही तसंच. शाकाहारी माणसाने अळंबीच्या भरवशावर बसू नये, त्यात ते नावापुरतंच असतं. कॅन्सर, थायरॉइड, गुडघे, सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, डब्याचे पैसे घेते आणि निघते.

आता खरं काय ते. १०० ग्रॅमला उष्मांक फक्त बावीसच्या आसपास, चरबी जवळजवळ नाही, साखर वाढवणारी पिष्टं अगदी कमी. म्हणून मधुमेह असलेल्यांच्या डब्यात ती बिनधास्त जाते. पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या वर आणि सोडियम नगण्य, ही जोडी रक्तदाबवाल्यांच्या सोयीची. ब गटातली रायबोफ्लेविन आणि नायसिन चांगली असतात. रायबोफ्लेविनची दिवसाची गरज १०० ग्रॅममध्ये साधारण पाचवा हिस्सा भागते, आणि दूध न पिणाऱ्यांना ते उपयोगी आहे. सेलेनियम आणि तांबंही मिळतं. अर्गोथायोनिन नावाचा एक अँटिऑक्सिडंट अळंबीत इतर बहुतेक पदार्थांपेक्षा जास्त असतो, पण शरीरात त्याचा नेमका फायदा किती, याचा अभ्यास अजून चालू आहे.

माझ्या मते अळंबीचा मोठा गुण वेगळाच आहे. ती ज्या पदार्थाच्या जागी बसते, त्यात फायदा आहे. तिच्यात नैसर्गिक ग्लुटामेट असतं, त्यामुळे मटणाच्या रश्शासारखी भरीव चव येते आणि मीठ-तेल कमी घातलं तरी जेवल्यासारखं वाटतं. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या रश्शात मी बारीक चिरून परतलेली अळंबी घालायला लागले. मीठ निम्मं केलं, आजोबांनी काही विचारलं नाही. आजोबांच्या तोंडून तक्रार आली नाही म्हणजे पदार्थ पास! खिम्यातही निम्मं मटण आणि निम्मी अळंबी घातली तर घरच्यांना पत्ता लागत नाही. मात्र हीच अळंबी मैद्यात बुडवून तळली, वर चीज ओतलं, तर वरचा हिशेब विसरा. तळताना ती तेल पिते आणि पित राहते.

आणखी एक गुण फुकट मिळवता येतो, तो म्हणजे ड जीवनसत्त्व. अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर ऊन पडलं की त्याचं ड-२, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, होतं. अंधाऱ्या खोलीत वाढवलेल्या बटण अळंबीत ते फार कमी असतं, पण चिरून उन्हात ठेवली तर तासाभराच्या आत बरंच वाढतं. प्रयोगांत १०० ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्तही मोजलं गेलंय, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५ मायक्रोग्रॅम धरतात. करायचं इतकंच की पातळ काप ताटात सुटे पसरायचे आणि सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान अर्धा ते एक तास उन्हात ठेवायचे. गच्चीवर किंवा उघड्या ग्रिलमध्ये ठेवा. बाल्कनीची काच सरकवून आत ठेवलेत तर काही होणार नाही, ऊन दिसतं पण त्यातला लागणारा किरण काच अडवते. पुण्यातल्या अर्ध्या बाल्कन्या काचबंद, म्हणून मुद्दाम सांगितलं. वरून जाळी झाका, माशा नको. शिजवताना यातलं बरंचसं टिकतं. पण डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी दिली असेल तर ती घ्याच, ताट उन्हात ठेवून ती बंद करू नका.

विकत घेताना पाकीट उलटं करून बघते. तळाशी पाणी साचलं असेल तर ठेवून देते. टोपी देठाला घट्ट चिकटलेली असावी. खालचे तपकिरी पडदे उघडे दिसले तर ती जुनी आहे, खायला वाईट नाही, चवीला उलट गडद लागते, पण आजच संपवायची. एखादा तपकिरी डाग चालतो. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकायची, धुऊन वास जात नाही. अगदी चुन्यासारखी पांढरीफेक अळंबी दिसली की मी जरा मागे सरते, कारण रंग टिकवायला ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवायची पद्धत आहे. दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो. किंचित मळकट अळंबी मला जास्त विश्वासाची वाटते.

घरी आणली की प्लास्टिक काढून कागदी पिशवीत किंवा फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. प्लास्टिकमध्ये तिला घाम सुटतो. अशी तीन-चार दिवस राहते. धुवायची ती कढई गॅसवर ठेवायच्या आधी, वाहत्या पाण्याखाली, भराभर, आणि लगेच फडक्यावर कोरडी करायची. पाण्यात भिजत घालू नका. देठाला लागलेली काळी माती बघून सासूबाई नाक मुरडायच्या, 'खतावर उगवतं ते' म्हणून. खत असतंच, गव्हाचा नाहीतर भाताचा पेंढा आणि कोंबडीखत कुजवून, वाफेने तापवून त्यातले अपायकारक जंतू मारलेलं. वांगी-टोमॅटोही काही दुधावर वाढत नाहीत.

आता कढई. हीच मुख्य गोष्ट, म्हणून सावकाश सांगते.

पाकीटभर अळंबीचे जरा जाडच काप करा, एका अळंबीचे चार इतके. लोखंडी कढई किंवा तवा चांगला तापवा, धूर येईल इतका नाही. तेल घालू नका, मीठ तर अजिबात नाही. काप एका थरात पसरा. गर्दी झाली तर दोन घाण्यांत करा, कारण एकावर एक पडले की वाफेत शिजतात, परतले जात नाहीत. दोन मिनिटं कालथा लावू नका. चर्रर आवाज येतो, मग तो बसतो, आणि कढईत पाणी दिसायला लागतं. इथेच बायका घाबरून झाकण ठेवतात. झाकण ठेवायचं नाही. आच मोठी ठेवा, अधूनमधून हलवा. पाणी आटतं, काप अर्धे होतात आणि पुन्हा तडतड सुरू होते. सात-आठ मिनिटं लागतात, गॅसवर अवलंबून. त्या दुसऱ्या तडतडीला मग तेल घाला, दोन चमचे पुरे, आता ती जास्त पिणार नाही. ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, काळीमिरी कुटून, कडा तपकिरी होईपर्यंत परता. मीठ शेवटी. एवढीच भाजी पोळीशी होते, तव्यावर अंडं फोडलं तर नाश्ता होतो.

पुढची कुठलीही भाजी करायची तरी सुरुवात हीच. मसाल्यात कच्ची अळंबी टाकली की तिचं पाणी मसाल्यात उतरतं आणि रस्सा फिका पडतो. कच्ची तर खाऊच नका, कोशिंबिरीतही नको. तिच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या चिवट द्रव्याच्या असतात, न शिजवता पचायला जड. बटण अळंबीत अ‍ॅगॅरिटिन नावाचं एक नकोसं द्रव्यही असतं, शिजवल्यावर ते बरंच कमी होतं.

धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, मिळाली तर ती घ्या. पुण्याच्या आसपास ती बरेच जण पिकवतात, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचं संशोधन आणि प्रशिक्षणही चालतं. धिंगरी सुरीने चिरू नका, हाताने लांब फाडा, कडक बुंधा काढून टाका. तिची पीठ पेरून भाजी माझ्या डब्यात हिट आहे. आधी सांगितलं तसं पाणी आटवून घ्या आणि बाजूला काढा. त्याच कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, जिरं, चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की तिखट, मीठ, चिमूटभर साखर आणि अळंबी. मग कोरडंच भाजलेलं बेसन, पाकिटाला चार-पाच चमचे, भुरभुरत पेरायचं. वर दोन-तीनदा पाण्याचा हबका, झाकण, बारीक गॅसवर पाच मिनिटं. इथे झाकण चालतं, कारण अळंबीचं पाणी आधीच गेलंय. बेसनामुळे प्रथिनांची जी कमतरता वर मोजली ती बरीच भरून निघते. गरम भाकरी आणि कच्चा कांदा, दुसरं काही लागत नाही.

श्रावणात माझ्याकडे मागणी असते ती मालवणी सुक्याची. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे हे रक्तातलंच. सुकं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा तेलावर खरपूस भाजून, लसूण-आलं आणि कोथिंबीर घालून, कमीत कमी पाण्यात घट्ट वाटण वाटा. कांदा परता, मालवणी मसाला दीड चमचा, वाटण, तेल सुटेपर्यंत परतत राहा. आटवलेली अळंबी घाला, मीठ, दोन-तीन आमसुलं. सुकंच ठेवायचं. तिरफळ असेल तर चार-पाच ठेचून घाला, खाताना बाजूला काढायची. मासेखाऊ माणूस या भाजीवर श्रावण काढतो.

कोकणाचं नाव निघालं की पावसाळ्यातल्या रानटी अळंबीचं विचारतातच. वारुळावर येणारी ती अळंबी चवीला राजा आहे, बाजारातली तिच्यापुढे काहीच नाही. वाळवीच्या संगतीशिवाय ती वाढत नाही, म्हणून शेतीत पिकवता येत नाही. गोव्यात तिला अळमी म्हणतात आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांत बांधून, शेकड्याच्या भावाने विकतात. गोव्यातले अळंबीचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत हे वर्षानुवर्षं ती रानातून ओरबाडली जाते याबद्दल बोलत आलेत.

पण ज्याला पिढीजात ओळख नाही त्याने रानातली अळंबी उचलू नये. यात मी कोणाचं ऐकत नाही. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण निळी झाली नाही, किड्याने खाल्लीय म्हणजे चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषारी अळंब्यांचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात, मधे बरं वाटल्यासारखं होतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी पिशवीत घालून तडक हॉस्पिटल गाठा.

विकतच्या अळंबीतही थोडं तारतम्य. पहिल्यांदा खाताना चार तुकडेच खा, काहींना ॲलर्जी होते. युरिक अॅसिड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायची ते डॉक्टरांना विचारा. वर पोटॅशियमचं कौतुक केलं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला उलटू शकतं.

देठ फेकू नका. टोकाचा मातीचा भाग उडवून बाकीचे बारीक चिरा, आटवा, चमचाभर तुपावर लसणीबरोबर परता आणि दोन वाट्या पाण्यात उकळा. पाव वाटी शिजलेली मुगाची डाळ घोटून घाला, मीठ, मिरपूड, वर लिंबू. आजारी माणसाला पेज नको झाली की हे सार चालतं. उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच, तेही फ्रिजमध्ये झाकून, आणि पुन्हा एकदाच नीट उकळून.