घरगुती व्हेरिएबल सप्लाय: आयसी का तापतो आणि जोडणी कशी करावी

एलएम३१७ हा आयसी वापरून घरी व्हेरिएबल सप्लाय (नॉब फिरवून हवे तितके व्होल्ट देणारा) जोडला की बहुतेक जण नॉब पूर्ण वर नेतात, आयसीला बोट लावतात आणि कोमट लागला की खूश होतात. तपासायचं ते खालच्या टोकाला. हा लिनिअर रेग्युलेटर आहे, नको असलेले व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. म्हणून आउटपुट जितकं कमी, तितका आयसी जास्त तापतो.

आधी हिशेब करा. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर घेतला, तर अर्धा अँपिअर लोडवर आयसीला साधारण १५ व्होल्ट मिळतात. आउटपुट १० व्होल्ट असेल तर (१५ − १०) × ०.५ = २.५ वॅट उष्णता. ३ व्होल्टला तीच ६ वॅट होते. हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसलेला आयसी दर वॅटला सुमारे ५० अंशांनी तापतो, तेव्हा ६ वॅट त्याला झेपणार नाहीत. तो जळत नाही, आतलं थर्मल संरक्षण आउटपुट पाडतं आणि थंड झाल्यावर परत सुरू करतं. याला लूज जोड समजून लोक तासन्‌तास सोल्डर उकरत बसतात!

हीटसिंक किती मोठा? आतली चिप १०० अंशांपर्यंत ठेवू, खोली ४० अंश. उरले ६०. भागिले ६ वॅट, म्हणजे वॅटला १० अंश. त्यातले ५ आयसीच्या आतच जातात, १ आयसी आणि सिंक यांच्यामधल्या अभ्रक आणि पेस्टमध्ये. उरतो ४ अंश प्रति वॅटचा सिंक. दुकानात मिळणारा छोटा यू आकाराचा पत्रा इथे कुचकामी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाड पंखांचं, साधारण १० सेंमी लांबीचं ॲल्युमिनियम मागा आणि पंख उभे राहतील असं बसवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात याहून मोठं घ्या.

आता जोडणी.

१. आयसीची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश लावा. पेस्ट पातळच, जाड थर उष्णता अडवतो. मग मीटरने पाठ आणि सिंक यांत कंटिन्युइटी (थेट विद्युत जोड) नाही ना, ते पाहा.

२. लिखाण समोर, पाय खाली धरल्यावर डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट.

३. आउटपुट आणि ॲडजस्ट यांत १२० ओहमचा रेझिस्टर, अगदी पायांलगत सोल्डर करा. लांब तारेवर लावला तर लोड वाढताच व्होल्टेज घसरतं. ॲडजस्ट ते ग्राउंड १ किलोओहमचा पॉट (नॉबचा बदलता रेझिस्टर). त्याचा मधला पाय ॲडजस्टकडच्या टोकाला जोडून टाका.

४. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचाच घ्या आणि सिंकपासून लांब ठेवा. दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं.

५. २३० व्होल्टच्या बाजूला २०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सहन करणारा) फ्यूज. पेटी धातूची असेल तर अर्थिंग हवंच.

शेवटी ३ व्होल्टवर ५.६ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास चालवा. आयसीची पाठ खोलीपेक्षा ३०-३५ अंशांनी तापली तर ठीक. त्याहून जास्त तापली आणि सिंक मात्र गारच असेल, तर अभ्रक तिरका बसलाय किंवा स्क्रू ढिला आहे.