पेटीवर बसलेल्या हातासाठी ऑगमेंटेड कॉर्ड

कोल्हापुरात कीबोर्ड शिकायला येणाऱ्या अनेकांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो, आणि ज्या गावात जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी रुजली तिथे कानही रागांवरच घडलेला असतो. ऑगमेंटेड कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरसमूह) शिकताना मला या तयारीची आधी अडचण झाली आणि नंतर तिचाच उपयोग झाला.

रचना सोपी आहे. पट्ट्या सीपासून मोजल्या की पांढरी एक म्हणजे सी. तिच्या मेजर कॉर्डमधला (सी, ई, जी) पंचम अर्ध्या स्वराने चढवावा, म्हणजे पांढरी एक, पांढरी तीन आणि काळी चार या पट्ट्यांवर सी ऑगमेंटेड मिळते. अडचण काळी चारची आहे. पांढरी एकला सा मानणाऱ्या कानाला तो भैरवातला कोमल धैवत वाटतो आणि तो पंचमावर उतरण्याची वाट कान पाहत राहतो. येथे मात्र तो चढवलेला पंचम असतो, म्हणून नोटेशनमध्ये ए फ्लॅट न लिहिता जी शार्प लिहितात. त्यानंतर एफ मेजर वाजवली, की काळी चारवरचे बोट पांढरी सहावर चढते, पांढरी तीनवरचे चारवर जाते आणि पांढरी एक जागची हलत नाही.

ही वरची ओढ अंगवळणी पडत नसेल, तर पांढरी सहाला सा मानून किरवाणी राग गाऊन पाहावा. सी ऑगमेंटेडच्या त्याच तीन पट्ट्या आता कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद होतात, आणि निषादाला षड्जाकडे जायला कोणी शिकवावे लागत नाही. पाश्चात्त्य परिभाषेत हीच ए हार्मोनिक मायनर स्केलच्या तिसऱ्या स्वरावरची कॉर्ड होय.

बारा ऑगमेंटेड कॉर्ड्‌स पाठ करण्याचा खटाटोप मला अनाठायी वाटतो. तिन्ही स्वरांमध्ये चार-चार सेमिटोनचे (अर्ध्या स्वरांचे) समान अंतर असल्याने सप्तकाचे तीन सारखे भाग पडतात. त्यामुळे सी, ई आणि जी शार्प या तिन्हींच्या ऑगमेंटेड कॉर्ड्‌सना पट्ट्या त्याच लागतात, आणि हाताला वेगळे असे चारच संच उरतात. (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग; तंबोऱ्यातला शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटचा, कीबोर्डवरचा ४०० सेंटचा, ही समानता कीबोर्डच्या सुरावटीतलीच आहे.) अंतरे सारखी असल्यामुळेच नुसती कॉर्ड ऐकून तिचा मूळ स्वर ठरवता येत नाही, तो बेसवरून (सर्वांत खालच्या स्वरावरून) आणि पुढे येणाऱ्या कॉर्डवरून ओळखावा लागतो. गायकाला साथ करताना ती फार वेळ धरू नये, कारण तीन सारख्या अंतरांत त्याचा षड्ज सहज सुटतो. पुढची कॉर्ड येण्याआधीच्या एक-दोन मात्रा तिला पुरतात.