लेकराचं बोबडं बोलणं कसं ओळखायचं आणि कसं लिहून ठेवायचं

मागच्या उन्हाळ्यात माझी मावशी अंबाजोगाईहून आमच्याकडं परभणीला आली होती. मी अंघोळीला गेलेली आणि लेक (तेव्हा सव्वादोन वर्षांची) ताटापुढं बसून "बातल, बातल" करायली, मावशीनं बिचारीनं पाण्याची बाटली आणून दिली, पोरीनं ती फेकली, मग मावशीला वाटलं दुधाची पाहिजे असल, ती आणली तर ती पण फेकली, शेवटी मी ओल्या केसांनी पळत आले आणि भाकरीचा तुकडा हातात दिला तेव्हा कुठं घर शांत झालं. भाकर म्हणजे बातल. हे मला माहीत होतं, बाकी कुणालाच नाही.

त्या दिवसापासून लिहायला लागले. आता ओळखीतलं कुणी विचारलं की हेच सांगते, म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिलं म्हणजे छान डायरी आणून मग लिहू असं ठरवलं तर एक ओळ पण लिहून होत नाही, माझा अनुभव आहे. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, ज्याच्यावर दुधाचे खाडे आणि सिलेंडर लावल्याची तारीख असती ना, तेच. त्या तारखेच्या चौकोनात शब्द लिहायचा, जसा कानावर पडला तसाच, आणि पुढं अर्थ. आपल्या लिपीत हे लई सोपं जातं कारण ऐकू आलं तसं लिहिता येतं. तातल = साखर. दाली = गाडी. टॅटल = ट्रॅक्टर. जागा असली तर कुणाचा काय घोटाळा झाला ते पण लिहा, कारण वर्षानं नुसता "तातल" वाचून हसू येत नाही, आजोबांना वाटलं पोरगी "तात्या" म्हणून हाक मारायली आणि ते दोनदा "काय गं माय?" म्हणत उठून आले, हे वाचून येतं.

आता ओळखायचं कसं. महिनाभराचं कॅलेंडर समोर ठेवून बघा, लेकरू मनाला येईल तसं बोलत नाही, त्याचा हिशोब ठरलेला असतो. शाळेतली वर्णमाला घशापासून सुरू होती, क ख ग, आणि ओठांवर येऊन थांबती, प फ ब भ म. लेकरं बहुतेक वेळा उलट्या बाजूनं येतात. ओठाचे आवाज आधी, म्हणून मामा, बाबा, पप्पा पटकन जमतात आणि काकाचा होतो ताता. क चा त, ग चा द, खाऊचा ताऊ, गायीची दाय. भ, ख, घ यांच्यातला ह गळून पडतो. र चा ल, म्हणून आमच्याकडं परभणीची "पलबनी" आणि परळीची "पलली" झाली. जोडाक्षर आलं की त्यातला एकजण घरी जातो, स्कूटीची तूती, बिस्कीटचं बिक्कीत.

खरी गंमत दोन तीन नियम एकाच शब्दावर पडतात तेव्हा. भाकर घ्या, भ चा ब, क चा त, र चा ल, झालं बातल. एकदा हे कळलं की उलटं चालत यायचं, त च्या जागी क ठेवून बघा, ल च्या जागी र ठेवून बघा, दहातले सातआठ शब्द सुटतात. (हा आकडा आमच्या घरचा, शास्त्राचा नाही.) तरी सुटला नाही तर शब्द सोडा आणि लेकराला म्हणा, चल दाखव. बोट धरून नेतंय बरोबर.

अक्षरांची अदलाबदल हा वेगळा प्रकार. खिडकीची खिकडी, चप्पलची पच्चल. पण याला हसताना जरा जपून, कारण आपण मोठे काय वेगळं करतो? गावाकडं नुकसानीला नुस्कान आणि मतलबला मतबल म्हणतातच की. आणि बादली घ्या, मूळ पोर्तुगीज शब्द बाल्दे, म्हणजे ज्या लेकराला आपण "बालदी नाही रे, बादली म्हण" म्हणून टोकतो तेच मुळाच्या जास्त जवळ आहे.

अजून एक काळजी घ्या, बोबडं आणि गावाकडचं यात गल्लत करू नका. माझ्या सासूबाई विहिरीला इहीर, विंचवाला इचू, विस्तवाला इस्तू म्हणतात. पोरगी "इत्तू" म्हणाली तेव्हा मी अर्धा दिवस विचार करत बसले, मग लक्षात आलं की ती चुकलीच नाही, तिनं आजीचा इस्तू उचलला आणि त्याचं जोडाक्षर तेवढं सोपं केलं. असे शब्द पण लिहा, पण पुढं "आजीचा" असं लिहा. लेकरानं पानी म्हणलं तर ते बोबडं नाही, ते घरचं आहे. ओळखीतल्या एका पोराला बालवाडीत यावरून सगळ्यांसमोर दुरुस्त केलं तर पोरगं दोन दिवस पाणी मागायलाच तयार नाही.

उत्तर कसं द्यायचं? चूक दाखवायची नाही आणि चूक उचलायची पण नाही. "बातल" म्हणली की "हो, भाकर देते, गरम भाकर आहे, फुंकून खा" एवढंच. एका वाक्यात बरोबर शब्द दोनदा कानावर पडतो. "भा-क-र म्हण, मगच देते" हे करू नका, भुकेल्या लेकराची परीक्षा कशाला घ्यायची. आणि त्याच्याच बोलीत त्याच्याशी बोललात तर त्यालाच आवडत नाही. मी एकदा विचारलं, "तुला बातल पाहिजे का?" तर माझ्याकडं रागानं बघून म्हणली, "बातल नाई! बातल!" १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी अगदी हेच नोंदवलंय, एक पोरगं प्लास्टिकच्या माशाला फिश न म्हणता फिस म्हणायचं, पण मोठ्यानं फिस म्हणलं की नाही नाही करायचं, आणि फिश म्हणलं की खूष. म्हणजे कानाला बरोबर कळतंय, जिभेला अजून जमत नाही.

आवाज रेकॉर्ड करायचा असला तर मोबाईल तोंडापुढं धरून "परत बोल ना, परत बोल" नको, एकतर गप्प बसतंय नाहीतर नाटक सुरू. रेकॉर्डर चालू करून मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवा आणि जेवू द्या. फाईलला शब्दाचं नाव आणि तारीख द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिलं की गुड मॉर्निंगच्या ढिगात गेलं म्हणून समजा. आणि लग्नात चारजणांसमोर "म्हणून दाखव गं ट्रॅक्टर" हे तर बंदच करा.

आता थोडं सिरियस. बोबडं आणि तोतरं एक नाही, बोबड्यात अक्षर बदलतं, तोतरं म्हणजे अडखळणं. साधारण तीन वर्षांच्या लेकराचं बरंचसं बोलणं परक्या माणसाला कळायला पाहिजे, चार वर्षांपर्यंत जवळपास सगळं. र, ळ, श थोडे उशिरा आले तरी चालतंय. पण दोन वर्षं होऊन गेली तरी दोन शब्द जोडत नसल, हाक मारली तर वळून बघत नसल किंवा येत असलेले शब्द जायला लागले तर आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्ट. वेखंड उगाळून जिभेला लावा, पोपटाचा उष्टा पेरू द्या, हे सल्ले येतातच, आमच्याकडं पण आले. पेरू मी खाल्ला. जिभेखालचा दोरा कापायचा का नाही ते डॉक्टरला ठरवू द्या, शेजारणीला नाही.

कॅलेंडरवर शब्द आल्याची तारीख सगळे लिहितात, गेल्याची पण लिहा. आमच्याकडं जानेवारीत एका दिवशी नवरा जेवताना सवयीनं म्हणला, "बातल वाढ गं." पोरगी हातातला घास खाली ठेवून त्याच्याकडं बघायली.

"बाबा, बातल नाई म्हनायचं. भाकल."