नेमबाजीची स्पर्धा कशी पाहावी : खानदेशातील प्रेक्षकांसाठी

नेमबाजीची स्पर्धा पहिल्यांदा पाहणाऱ्याची तक्रार ठरलेली असते : येथे पाहण्यासारखे काही घडतच नाही. आठ जण एका ओळीत उभे राहतात, बराच वेळ हलत नाहीत, मग एक बारीक आवाज होतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. ही तक्रार खोटी नाही. मात्र ती करणाऱ्याची नजर भलत्या जागी असते. यात्रेतल्या कुस्त्या पाहायला बसलेला जाणता माणूस पैलवानांच्या हातांपेक्षा पायांकडे अधिक पाहतो, कारण डाव कोठून येणार हे तेथे आधी कळते. नेमबाजीतही कोठे पाहायचे हे एकदा समजले, की पाऊण तासाची अंतिम फेरी पाहताना जागचे हलावेसे वाटत नाही.

महाराष्ट्राला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळवून दिले. दुसरे मिळायला ७२ वर्षे लागली आणि ते मिळाले नेमबाजीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक पटकावले. आपल्याकडे कुस्तीच्या दंगलीला माणूस मावत नाही, आणि नेमबाजीच्या स्पर्धेला मात्र खेळाडूंच्या आईवडिलांखेरीज कोणी फिरकत नाही. ही स्थिती बदलावी असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारे ज्ञान फार थोडे आहे आणि ते घरबसल्या मिळवता येते.

आधी दशांश समजून घ्यावा

सुरुवात १० मीटर एअर रायफलपासून करावी. एका पांढऱ्या कागदावर कंपासने साडेचार सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि त्याच्या मध्यावर बारीक टोकाच्या पेनाने एक ठिपका द्यावा. संपूर्ण टार्गेट जवळजवळ एवढेच, म्हणजे ४५.५ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. हा कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवून दहा मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट मागे जावे. घरात एवढी जागा नसेल तर अंगणात किंवा शाळेच्या व्हरांड्यात जावे. तेथून तो ठिपका दिसणार नाही. तो नेमबाजालाही दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त मधले काळे वर्तुळ, आणि ते काळे वर्तुळ रायफलच्या पुढच्या कड्यात सर्व बाजूंनी सारखे बसले की त्याने ट्रिगर दाबायचा असतो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याला त्याने वजन येते.

आता गुणांकडे वळू. एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची कड वर्तुळाला स्पर्शली तरी त्या वर्तुळाचे गुण मिळतात. त्यामुळे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा गुण होतात. परंतु सर्वोच्च पातळीवर जवळजवळ प्रत्येक जण दहा मारतो, म्हणून त्या दहाचेही दहा भाग पाडलेले आहेत : १०.० पासून १०.९ पर्यंत. प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. प्राथमिक फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम असतात, म्हणजे एकूण ६५४ गुण. मोठ्या स्पर्धेत ६३० च्या आसपास पोहोचणाऱ्यालाच अंतिम फेरीची आशा धरता येते, आणि ६३० म्हणजे सलग साठ वेळा सरासरी १०.५. हे लक्षात ठेवले की पडद्यावरचा ९.८ हा आकडा चांगला नसून धक्कादायक आहे, हे सांगायला समालोचकाची गरज उरत नाही.

एअर पिस्तूलचे टार्गेट मोठे असते. त्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असून एक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो. पण पिस्तूल एकाच हाताने, कोणत्याही आधाराशिवाय धरायचे असल्याने काम सोपे होत नाही. प्राथमिक फेरीत पिस्तुलाला दशांश मोजत नाहीत, अंतिम फेरीत मोजतात. नवा प्रेक्षक येथे हमखास गोंधळतो.

पहिला सामना मोबाइलवर, आणि तोही संपलेला

निकाल माहीत असलेली अंतिम फेरी पाहणे हा शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण मग आकड्यांची चिंता सोडून माणसाकडे पाहता येते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) यूट्यूब वाहिनीवर विश्वचषक स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या विनामूल्य सापडतात. १० मीटरची फेरी निवडावी. पॅरिसमध्ये तिची रचना अशी होती : आठ जण, आधी पाच-पाच नेमांच्या दोन मालिका, त्यानंतर आज्ञेनुसार एकेक नेम, त्या प्रत्येकासाठी ५० सेकंद. बाराव्या नेमानंतर तळाचा खेळाडू बाद होतो आणि तेथून दर दोन नेमांनी एक जण कमी होत जातो. चोविसाव्या नेमाला दोघेच उरतात.

येथे पहिली सवय लावायची ती अशी की, ताज्या नेमाचा आकडा न पाहता दोन खेळाडूंमधील अंतर पाहावे, आणि तेही अग्रस्थानाचे नव्हे तर तळाच्या दोघांचे. खरी लढाई तेथे चाललेली असते. मनू भाकर हिने २८ जुलै २०२४ रोजी एअर पिस्तूलमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा बावीस नेमांनंतर तिचे गुण २२१.७ होते आणि तिच्या पुढे असलेल्या कोरियाच्या किम येजी हिचे २२१.८. बावीस नेमांची बेरीज एका दशांशाने कमी पडली आणि रौप्यपदकाची संधी गेली. वर दिलेले ०.८ मिलिमीटरचे माप येथे आठवावे.

दुसरी सवय घड्याळाची. पन्नास सेकंद पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात शस्त्र उचलणे, श्वास स्थिरावणे, नेम बसणे यांत त्यांतले बरेच निघून जातात. घड्याळ आणि खेळाडूचे शस्त्र यांवर एकदमच लक्ष ठेवावे, कारण तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यातूनच दिसते.

ती गोष्ट म्हणजे नेम सोडून देणे. खेळाडू रायफल खांद्याला लावतो, गाल टेकवतो, आठ-दहा सेकंद स्थिर राहतो, आणि ट्रिगर न दाबताच शस्त्र खाली घेतो. नवख्या प्रेक्षकाला वाटते की काहीच झाले नाही. वास्तविक त्या क्षणी खेळाडूने स्वतःला सांगितलेले असते की हा नेम दहाचा नाही, आणि आता उरलेल्या वीस-पंचवीस सेकंदांत त्याला सगळी मांडणी पुन्हा करायची असते. शेजारच्या सर्वांचे नेम झालेले असतात, सभागृहात कुजबुज सुरू झालेली असते, आणि तो एकटा राहिलेला असतो. त्यानंतर आलेला १०.६ हा घाई न करता झाडलेल्या १०.६ पेक्षा निराळा असतो, जरी गुणफलक दोन्ही सारखेच दाखवतो. एक खेळाडू निवडून संपूर्ण फेरीत त्याने किती वेळा शस्त्र खाली घेतले आणि किती सेकंद बाकी असताना नेम झाडला, एवढेच वहीत टिपावे. पाच-सहा फेऱ्यांनंतर पुढचा नेम बिघडणार हे आधीच जाणवू लागते : रायफलची नळी नेहमीपेक्षा उशिरा स्थिर होते, किंवा नेहमी बारा सेकंद घेणारा खेळाडू वीस सेकंद धरून ठेवतो आणि तरीही सोडत नाही.

नेम झाल्यानंतरही डोळे हलवू नयेत. चांगला नेमबाज ट्रिगर दाबल्यावर क्षणभर तसाच राहतो. जो लगेच मान उचलून पडद्याकडे पाहतो, त्याचे मन आकड्यात अडकले आहे असे समजावे.

शेवटच्या नेमाचा भार किती असतो हे समजण्यासाठी दोन अंतिम फेऱ्यांची हकिगत माहीत असावी. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अखेरच्या नेमापूर्वी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन यांचे गुण समान होते. बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेनने ९.७, आणि तो सुवर्णाच्या दारातून थेट कांस्यावर आला. त्याआधी २००४ साली अथेन्समध्ये अमेरिकेचा मॅट एमन्स ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्पष्ट आघाडीवर होता, पण त्याची अखेरची गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेली. त्या नेमाला शून्य मिळाले आणि सुवर्ण हातचे गेले. हा खेळ संथ आहे असे म्हणणाऱ्याला मी या दोन फेऱ्या सुचवतो.

कुसाळेची फेरी पाहताना

थ्री पोझिशनमध्ये खेळाडू गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरतो. झोपलेल्या स्थितीत शरीराला सर्वाधिक आधार असल्याने सगळ्यांचेच गुण चांगले येतात आणि अंतर फारसे बदलत नाही. उभ्या स्थितीत मात्र क्रमवारी ढवळून निघते. म्हणून मधल्या टप्प्यात कोणालाही बाद समजू नये. पॅरिसमध्ये पहिल्या दोन स्थितींनंतर कुसाळे पदकाच्या जागेवर नव्हता. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या खेळाडूने, म्हणजे भुसावळकरांच्याच रेल्वेतल्या माणसाने, उभे राहून नेम धरताना एकेक पायरी वर सरकत ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवले. त्याचा चेहरा पाहून काही कळत नाही. अंतर आणि घड्याळ पाहावे.

एकत्र पाहण्याची पद्धत

अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर अशा कोणत्याही गावात शाळेचा प्रोजेक्टर आणि वीसेक माणसे एवढ्यावर हा कार्यक्रम होऊ शकतो. चित्रण आधीच उतरवून ठेवावे, म्हणजे नेटवर्क गेले तरी खोळंबा होत नाही. एकाने फळ्यावर फक्त तळाच्या दोघांतील अंतर लिहीत जावे. बाराव्या नेमापासून प्रत्येक बाद फेरीपूर्वी चित्रण थांबवून, कोण जाणार हे प्रत्येकाने कारणासह सांगावे. गावात एनसीसीचे आजीमाजी छात्र असतात. त्यांना मुद्दाम बोलवावे, कारण फायरिंगमध्ये ग्रुपिंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. सगळ्या खुणा एकमेकींना चिकटून पण मध्यापासून दूर असतील तर हात स्थिर आहे आणि साइट, म्हणजे शस्त्रावरचे नेम धरण्याचे साधन, जुळवायची राहिली आहे. खुणा विखुरलेल्या असतील तर दोष साइटचा नाही. हे छात्राने कागदावर दाखवले की पाच मिनिटांत सर्वांना पटते.

ज्यांना एवढी शांतता जड जाते, त्यांनी २५ मीटर पिस्तूल आणि शॉटगन या प्रकारांपासून सुरुवात करायला हरकत नाही. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटांवर पाच नेम आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायचे असतात. २०१२ साली लंडनमध्ये याच प्रकारात रौप्य मिळवणारा विजय कुमार हा महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात घडला, आणि महू हे धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याच्या पुढे गेल्यावर लागते. महिलांच्या २५ मीटर अंतिम फेरीत दशांशांची बेरीज नसते, १०.२ किंवा त्याहून अधिक म्हणजे लागला, अन्यथा चुकला. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत लागोपाठ दोन शूट-ऑफनंतर, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेऱ्यांनंतर, सुवर्ण जिंकले. ती लढत समजायला कोणतेही गणित लागत नाही. ट्रॅप आणि स्कीट या शॉटगनच्या प्रकारांत तर हवेत उडणारी मातीची तबकडी फुटताना सर्वांनाच दिसते.

प्रत्यक्ष रेंजवर

जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट, तसेच एअर पिस्तूल असे प्रकार असतात. त्यांच्या तारखा क्रीडाशिक्षकांकडे मिळतात. तेथे बहुधा कागदी टार्गेट असते, त्यामुळे नेम चालू असताना गुण कळत नाहीत; म्हणून मुलामुलींच्या उभे राहण्याकडे लक्ष द्यावे आणि मोजणी संपल्यावर प्रशिक्षकांच्या परवानगीने कार्ड पाहावे. वादातील खूण गेज घालून कशी तपासतात, तेही पाहण्यासारखे असते. टार्गेटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काळा तिरका पट्टा असेल तर ते सरावाचे आहे, त्याचे गुण धरत नाहीत.

मोठी स्पर्धा पाहायची असेल तर पुण्याचे बालेवाडी आहे आणि भोपाळ आहे. जळगाव-भुसावळकडच्या लोकांना खंडवा, इटारसीमार्गे भोपाळ रेल्वेने सोयीचे पडते, आणि मार्च २०२३ मध्ये तेथील अकादमीच्या रेंजवर विश्वचषक स्पर्धा झालेली आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली. त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धाही अवश्य पाहावी, कारण नवे चेहरे तेथे आधी दिसतात.

जाताना काही पथ्ये पाळावीत. प्राथमिक फेरीत बोलू नये, मोबाइल बंद ठेवावा, फ्लॅश मुळीच वापरू नये. अंतिम फेरीत मात्र टाळ्या आणि आरोळ्यांना मुभा असते, त्यामुळे आपला खेळाडू असेल तर मोकळेपणाने दाद द्यावी. प्रेक्षकांसाठी आखलेल्या जागेच्या पुढे जाऊ नये आणि कोणी आग्रह केला तरी खेळाडूच्या शस्त्राला हात लावू नये. शस्त्राच्या नळीतून भडक रंगाची दोरी बाहेर आलेली दिसली तर ते रिकामे असल्याची ती खूण आहे. १० मीटरसाठी कानात काही घालावे लागत नाही, पण २५ आणि ५० मीटर तसेच शॉटगनसाठी कानातले बोळे न्यावेत. लहान मुले सोबत असतील तर त्यांच्यासाठी ते विसरूच नयेत. ५० मीटरच्या रेंजवर दुर्बीण उपयोगी पडते. आणि स्पर्धेच्या छापील वेळेपेक्षा अर्धा तास आधी पोहोचावे, कारण पहिल्या नेमापूर्वीच्या पंधरा मिनिटांत खेळाडू कितीही सराव-नेम झाडू शकतो, आणि कोण किती लवकर स्थिरावतो यावरून त्या दिवशी कोणाच्या लेनमागे बसायचे हे ठरवता येते.