बागेत फुलपाखरं हवीत ना, मग कुरतडलेली पानं चालवून घ्या

बरेच जण फुलपाखरांसाठी म्हणून झेंडू, घाणेरी वगैरे लावतात आणि मग तक्रार करतात की येतात पण थांबत नाहीत. थांबणार कशी? फुलावर मध मिळतो पण मादीला अंडी घालायला पान लागतं, तेही ठराविक झाडाचंच, ती पुढच्या पायांनी पानावर टकटक करून चव बघते आणि पटलं तरच अंडं चिकटवते. अशा झाडाला होस्ट प्लांट म्हणतात, आपल्या भाषेत खाद्य वनस्पती. आधी ती लावा, फुलझाडं नंतर बघू.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे कढीपत्ता नाहीतर लिंबू, कुंडीत पण चालतं. त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय येतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मी तर पहिल्यांदा पाण्याचा फवारा मारून धुवायला निघालो होतो! मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. घाबरू नका, चावत नाही.

जागा असेल तर कोपऱ्यात रुई लावा. प्लेन टायगर हमखास येतं. रुईचा चीक विषारी, डोळ्यात गेला तर भयंकर, त्यामुळे छाटताना सांभाळून. अळीला मात्र त्याचं काही नाही, उलट तेच विष ती अंगात साठवते म्हणून पक्षी तिच्या फार नादी लागत नाहीत. बहावा असेल तर पिवळसर एमिग्रंट येतात, ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज आणि क्रिमसन रोज. पानफुटी मूळची मादागास्करची, पण रेड पिएरोने ती कधीच आपलीशी केलीय, त्याची अळी चक्क पानाच्या आत राहून गर खाते.

तरी शक्यतो देशीच लावा, कारण परकी भाऊबंद झाडं कधीकधी फसवतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगची मादी ईश्वरीच्याच कुळातल्या एका परदेशी शोभेच्या वेलावर अंडी घालते आणि ती पानं खाऊन अळ्या मरतात.

आता माझी चूक सांगतो. नर्सरीतून लिंबाचं रोप आणलं, आठवड्यात अळ्या दिसल्या, दोन दिवसांत सगळ्या मेलेल्या. बहुतेक रोपावर आधीच औषध मारलेलं असणार. तेव्हापासून नवीन रोप आणलं की जाळीखाली बाजूला ठेवतो, नवी पालवी भरपूर फुटली की मगच बागेत. बी किंवा फांदीपासून स्वतः केलेलं रोप त्याहून बरं. आणि कसलीच फवारणी नको, निंबोळी तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी अळी मारतंच ना.

एकेक झाडाची दोन-तीन रोपं ठेवा, एक पार उघडं पडलं तरी दुसरं असतं, आणि निरोगी झाडाला परत पालवी येतेच. काही अळ्या पक्षी नेतील, काहींवर गांधीलमाशा अंडी घालतील, ते तसंच असतं, वाचवत बसू नका. ऊन मात्र भरपूर हवं. एका कोपऱ्यात ओली माती ठेवली तर नर क्षार चोखायला जमतात, हा बोनस.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना जातो. अळी अचानक गायब झाली तर ती मेलीच असं नाही, कोषासाठी बऱ्याचदा झाड सोडून भिंतीवर, कुंडीच्या काठाखाली, सुक्या काडीवर जाते, त्यामुळे साफसफाई जरा जपून करा. कोष काळपट होऊन आतले पंख दिसायला लागले की एक-दोन दिवसांत फुलपाखरू बाहेर येणार. तेव्हा हात लावू नका आणि पंख सुकेपर्यंत तासदोन तास तिथे पाण्याचा पाइपही नेऊ नका.