खडू ठेवून सही हातात घेताना

करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी १९ वर्षं गणित शिकवलं. जून २०१९ मध्ये मुख्याध्यापिकेचा चार्ज घेतला. येत्या दोन-चार वर्षांत ज्यांचा नंबर लागणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ज्येष्ठता यादी. ही यादी दरवर्षी सहीला येते आणि तासाच्या गडबडीत आपण न वाचता सही करून टाकतो. मीही तेच केलं. माझ्या बी.एड.ची तारीख त्यात चुकीची पडली होती, आणि ती दुरुस्त करून घ्यायला सहा महिने हेलपाटे घालावे लागले. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. त्यातली दोन वर्षं तरी बी.एड.नंतरची हवीत. असे जे पात्र असतील, त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाचा या पदावर हक्क येतो. म्हणून यादी हातात आली की आधी स्वतःची ओळ वाचा. सेवापुस्तकही एकदा पान न पान बघून घ्या. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका जमली तर जरूर करा, पण चार्ज घेण्याच्या आधी. नंतर वेळ मिळत नाही.

संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते ठरवणं), यू-डायस (शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरणं), शालार्थ या सरकारी पगारप्रणालीवरची बिलं, पोषण आहाराच्या नोंदी ही कामं वर्षभरात अंगवळणी पडतात. आमच्या लेखनिकांनी मला शेजारी बसवून ती शिकवली. त्यांच्याकडून शिकताना संकोच धरू नका.

जड गेलं ते वेगळंच. ज्या मैत्रिणीबरोबर मी १५ वर्षं एका डब्यातून जेवले, ती पहिल्याच सोमवारी "अगं" सोडून "मॅडम" म्हणाली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढं तिच्याच तासाला मागच्या बाकावर बसून लॉगबुक, म्हणजे तास बघून शेरे लिहायची वही, लिहायची वेळ आली. मी आधी तिच्याशी बोलले, मग लिहिलं. तोंडावर जे सांगितलं नाही, ते लॉगबुकात कधी लिहायचं नाही, हे तेव्हापासून पाळते आहे.

आणि जुलैत एक पालक आले. त्यांच्या थोरल्या मुलीला मी शिकवलं होतं. धाकटा दहावी होऊन गेलेला, सैन्यभरतीची तयारी करत होता.

"मॅडम, जन्मसाल तेवढं एक पुढं घ्या की. पोरगं रोज पहाटे पळतंय, वय निघून चाललंय."

मी जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची शाळेतली मूळ नोंदवही, काढलं. आधीच्या सरांच्या अक्षरातली जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही स्वच्छ होती. त्यांना बसवून चहा दिला. खरंच चूक असेल तर जन्मदाखला आणा, मी प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवते, त्यांच्या मान्यतेशिवाय या पानाला हात लावता येत नाही, असं सांगितलं. "उद्या पडताळणीत सापडलं तर लागलेली नोकरी जाईल त्याची," हेही सांगितलं. ते चहा तसाच ठेवून उठले. वर्गात फळ्यावरचं चुकलेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी पुसून परत मांडता येतं. या सहीचं तसं नाही.

पुढच्याच महिन्यात पंचगंगेचा महापूर आला. पाणी आवाराच्या फाटकाला लागलं तेव्हा लेखनिक, शिपाईमामा आणि मी असे तिघंच शाळेत होतो. संगणक आधी उचलायचे का, असं मामांनी विचारलं. मी म्हटलं, आधी जनरल रजिस्टरं. बासनात बांधलेले ते जाड खंड आम्ही एकेक करून वरच्या मजल्यावर नेले. तळमजल्यावर गुडघाभर पाणी चढलं. पूर ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात दाखल्यांसाठी रांग लागली. पुरात ज्यांच्या घरातले सगळे कागद गेले होते, ती माणसं होती ती. आम्ही व्हरांड्यात टेबल टाकलं, रजिस्टर उघडलं आणि एकेका नोंदीवरून दाखले लिहायला बसलो.